देवी झोपली आहे

चैत्र लागला की ते प्रकरण अजूनही माझ्यासमोर येऊन उभे राहते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, महामार्गावर पेटवलेले ट्रक पाहिले. त्यांतले बरेचसे आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. पण एका देवळातून मुखवटा नाहीसा झाला आणि एक माणूस तोंड मिटून आमच्या कोठडीत बसून राहिला, ते प्रकरण जसेच्या तसे शाबूत आहे. मी कोणाचेही नाव देणार नाही. देवीचे नाही आणि गावाचेही नाही.

नव्वदीची सुरुवात होती. मी पनवेल तालुक्यात फौजदार होतो. कळंबोलीला लोखंडाचा बाजार बसत होता. खाडीकाठची मिठागरे आणि भाताची खाचरे प्लॉट होऊन विकली जात होती. काल गुडघाभर चिखलात उभा असलेला माणूस आज जीपमधून उतरत होता. अशाच एका गावाच्या टेकडीवर ही देवी आहे. पायथ्याशी तिच्या भावाचे छोटे देऊळ, अर्ध्या वाटेवर कुंड, माथ्यावर ती. भावाशी भांडून ती वर जाऊन बसली, म्हणून आधी भावाला नारळ द्यायचा आणि मग वर चढायचे, अशी रीत. चैत्री पौर्णिमेला जत्रा भरे. करंज्याचे कोळी येत, उरणकडचे आगरी येत, लोखंड बाजारातले हमाल ट्रकांत उभे राहून येत, मुंबईहून बसगाड्या येत. त्या आठवड्यापुरते गावाचे तीर्थक्षेत्र होऊन जाई.

जत्रेआधीचे चार दिवस गाभाऱ्याला पडदा लागे. राक्षसाला मारून देवी दमली आणि झोपली, अशी कथा. त्या दिवसांत पडद्याआड फक्त गुरव जाणार. बाकीच्यांनी बाहेरून हात जोडायचे, घंटा वाजवायची नाही. देवस्थानाने पगारी वाटाड्या ठेवला होता. तो ओठांवर बोट ठेवून भाविकांना सांगे, "हळू बोला, देवी झोपली आहे."

त्या वर्षी देवस्थानाच्या अध्यक्षांनी मुंबईचा एक बडा पाहुणा आणला. पाहुण्याला जत्रेच्या गर्दीत यायचे नव्हते. अध्यक्षांनी गुरवाचे न ऐकता पडदा सरकवला. आत शेंदूर लावलेला तांदळा, म्हणजे देवीचा बिनघडीव दगड, होता. त्यावरचा चांदीचा मुखवटा नव्हता.

फिर्याद दाखल झाली, चोरीचे कलम ३८०. मी पंचनाम्याला गेलो. समोरच्या दाराचे कुलूप शाबूत होते. मागे एक बुटके दार होते, वाकून जावे लागेल असे. त्याचेही कुलूप शाबूत. किल्ल्या दोन, एक अध्यक्षांकडे आणि एक गुरवाकडे. गुरव सत्तरीच्या पुढचा. विचारले तेवढेच तो माझ्याकडे न बघता सांगत होता.

"म्हातारा दुपारी घोरत पडतो," अध्यक्ष म्हणाले. "किल्ली खुंटीला. कुणीही उचलेल. आणि साहेब, कुणीही म्हणजे कोण, ते तुम्हालाही माहीत आहे." त्यांनी मागच्या उताराकडे हात केला. टेकडीच्या पाठीला कातकरवाडी होती. दहाबारा झोपड्या, एक झरा आणि एक सपाट माळ. त्याच माळावर देवस्थानाला भक्तनिवास बांधायचा होता आणि वाडी हलत नव्हती, हे त्यांनी सांगितले नाही. ते मला आधीच ठाऊक होते.

त्याच दिवशी ठाण्यावर फोन आला. नाव न सांगता कोणी बोलले, वाडीतला अमुक माणूस वीटभट्टीचा हंगाम अर्ध्यावर टाकून परत आला आहे, पडदा लागला त्या दिवशी देवळामागे दिसला, काखेत फडक्यात गुंडाळलेले काहीतरी होते. अशा निनावी खबरी बहुतेक वेळा वैर काढायला दिलेल्या असतात. ही तशी नव्हती. भट्टीच्या मुकादमाने दुजोरा दिला. झऱ्यावर धुणे धुणाऱ्या दोघींनीही त्याला पाहिले होते. अलिबागहून आलेले पोलिसी कुत्रे मागच्या दारापासून निघाले आणि सरळ वाडीच्या वाटेने झऱ्यापाशी गेले. आम्ही त्या माणसाला आणले.

चाळिशीचा, काटक, तळव्यांना भट्टीची राख मुरलेली. मी समोर बसवले आणि विचारले, "मुखवटा तू नेलास?"

तो गप्प.

"निदान नाही तरी म्हण."

तो गप्प.

चौकशीत माणसे कशी वागतात हे नोकरीच्या चार वर्षांत कळू लागते. निरपराध माणूस ओरडतो, रडतो, पोराबाळांच्या शपथा घेतो. गुन्हेगार गोष्ट रचतो, आणि ती पुन्हा सांगायला लावली की उसवते. या माणसाने यातले काहीच केले नाही. तो नाही म्हणत नव्हता आणि हो म्हणत नव्हता. डोळेही चुकवत नव्हता.

माझा हवालदार जुना माणूस होता. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "साहेब, दोन पट्टे बसले की पोपटासारखा बोलेल."

"या ठाण्यात कोणाच्या अंगाला हात लागणार नाही."

"मग जत्रेला पालखीत देवीच्या जागी आपणच बसू. तुम्ही पुढं, मी मागं."

हे तो गमतीने बोलला, पण दाराबाहेर गंमत नव्हती. गावातली तीसचाळीस पोरे ठाण्याच्या फाटकाशी उभी होती. वाडी पेटवण्याची भाषा उघड चालली होती. पौर्णिमा तीन दिवसांवर आली होती. मुखवटा सापडला नाही तर पालखी निघणार नव्हती, आणि रिकामी पालखी बघून ती गर्दी कुठे वळली असती, हे सांगायला ज्योतिषी नको. कातकऱ्याची झोपडी जाळायला या देशात कोणाला पुरावा लागलेला नाही. चोरी कुठेही होवो, पहिली धाड वाडीवर, ही आमच्या खात्याचीही पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. साहेब येतात आणि जातात, सवय राहते. खबर खरी निघाली म्हणून मला आनंद व्हायला हवा होता. उलट माझी अस्वस्थता वाढत गेली.

मी पुन्हा त्याच्यासमोर बसलो. "बाहेर पोरं रॉकेलचे डबे घेऊन फिरतायत. तुझी बायको, पोरं वाडीत आहेत. कळतंय का तुला?"

तो प्रथमच बोलला. "सायेब, जत्रा व्हऊ द्या. मंग इचारायचा त्या इचारा."

"जत्रेपर्यंत वाडी राहील का?"

"ऱ्हाईल. ती हाय ना."

"ती कोण?"

त्याने ओठ असे मिटले की जणू जे निघाले तेही परत आत ओढून घेतले. त्या दिवशी तो पुन्हा बोलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला मॅजिस्ट्रेटसमोर उभे केले. तिथेही तो बोलला नाही. पोलीस कोठडी मिळाली.

कोर्टातून परतलो तेव्हा त्याची बायको भाकरी घेऊन ठाण्यात आली होती. मी तिच्याकडे बघतच राहिलो. नवरा कोठडीत असलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. त्या विस्कटलेल्या असतात, पदराने डोळे पुसत असतात, शिपायांच्या पाया पडतात. ही तेल लावून, भांग पाडून आली होती. केसांत सोनचाफा होता, मनगटांत नव्या हिरव्या बांगड्या होत्या. डोळे मात्र रात्रभर जागलेले, सुजलेले. ती घाबरलेली होती आणि सजलेली होती. या दोन गोष्टी एका बाईत एकाच वेळी मी कधी पाहिल्या नव्हत्या.

मी विचारले, "सण आहे का वाडीत?"

"हाय," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

पंच घेऊन आम्ही वाडीची झडती घेतली. अध्यक्षांची चारपाच माणसे मागे मागे आली, त्यांना मी झऱ्यापाशीच थांबवले. झोपड्या उघड्याच होत्या. लपवायला काही असावे लागते, ते त्यांच्याकडे नव्हते. टोकाच्या झोपडीच्या उंबऱ्यावर मात्र तीन म्हाताऱ्या बसल्या होत्या. अंगण सारवलेले, तांदळाच्या पिठाची रांगोळी.

"आत जायचंय, आजी."

"बाप्यानं जायचा नाय. लेक आलीया माहेराशी."

मला वाटले, बाळंतीण असेल. तालुक्यात महिला पोलीस नव्हत्या. झोपडीवर लांबून नजर ठेवायला दोन शिपाई बसवले आणि महिला शिपायासाठी अलिबागला निरोप धाडला. हवालदार वाटभर कुरकुरत होता. "मुखवटा त्याच बाळंतिणीच्या उशाशी आहे बघा, साहेब." तो बरोबर होता, पण त्याला वाटत होते तसा नाही.

टेकडीच्या पायथ्याशी जत्रेची दुकाने लागत होती. एक कासारीण पनवेलहून दर वर्षी यायची, तोंडाने फटकळ. मला पाहून म्हणाली, "साहेब, नुसते चोरच नेता का घरी? बायकोला बांगड्या न्या."

मी तिच्यापाशी टेकलो. वाडीतल्या बायकांना बांगड्या तूच भरल्यास का, म्हणून विचारले.

"मीच. सगळ्याजणी बसल्या भरायला. भट्टीवरच्यासुद्धा आल्या होत्या. आणि एक चुडा वेगळा बांधून घेतात, लेकीसाठी. मी म्हणते, अगं बोलवा तिला, माप तरी बघू दे. तर म्हणतात, ती हात दाखवत नाय. सुरुवातीला मला हसू यायचं. आता विचारतच नाही. देते बांधून."

"सुरुवातीला म्हणजे?"

"अहो, दर वर्षी हेच! जत्रा आली की यांची लेक येते. मी काही तिला पाहिली नाही बाई आजवर."

मी उठलो. बाळंतीण दर वर्षी त्याच तिथीला येत नाही. आणि जी लेक दर वर्षी येते तिला तिचा चुडा बांधून देणारी कासारीण कधीच पाहत नाही, असे होत नाही. मी भावाच्या देवळापाशी बूट काढले आणि पायऱ्या चढू लागलो.

वर वाटाड्या पंधरावीस भाविकांना कथा सांगत होता. राक्षस, युद्ध, शिणलेली देवी. मी मागे उभा राहून ऐकले. फिर्यादीच्या दिवशी मी तो गाभारा पोलीस म्हणून पाहिला होता, कुलूप, कोयंडा, ठसे. आता देवळात आलेल्या माणसासारखा पाहिला. माझी आई देवदेव करणारी होती. तिच्याबरोबर लहानपणी मी गावोगावची देवळे हिंडलो आहे. देव जिथे झोपतो तिथे शेजघर असते, निदान एक पलंग असतो, उशी असते, रात्री दूध ठेवतात. इथे काहीच नव्हते. समईत वात कोरडी होती.

"देवीची शेज कुठे आहे हो?" मी विचारले.

वाटाड्या गडबडला. "शेज... देवी आहे साहेब. जमिनीवरच झोपते."

"उशीशिवाय?" एका भाविक बाईने विचारले, आणि सगळे हसले. वाटाड्याने माझ्याकडे जळजळीत नजर टाकली.

गुरव देवळामागे बसून पत्रावळी लावत होता. मी त्याच्या शेजारी जमिनीवर बसलो.

"आजोबा, पडदा असतो तेव्हा आत नैवेद्य नेता?"

"नाय."

"दिवा?"

त्याचे हात थांबले.

"घरात माणूस झोपलेलं असलं तरी दिवा लावतात. घरात कोणी नसलं तरच लावत नाहीत."

त्याने पत्रावळ बाजूला ठेवली. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी आले. "ती झोपत नाय, सायब. ती जाते."

मग त्याने दुसरी कथा सांगितली, देवस्थानाचा वाटाड्या सांगत नाही ती. वाडीतला एक कातकरी रानात कंद खणत होता. पहारीचा घाव जमिनीत लागला आणि आतून पोर रडल्याचा आवाज आला. त्याने हातांनी माती उकरली, तिला झोपडीत नेले, लेक म्हणून वाढवली. पुढे गावाने मागणी घातली आणि ती गावाला दिली. लग्न लावून देतात तसे तिला सासरी धाडले. टेकडीवरचे देऊळ हे तिचे सासर. मागचे बुटके दार ही माहेरची वाट. जत्रेआधी त्या कातकऱ्याच्या वंशातला माणूस कुठेही असला तरी परत यायचा, त्या दाराने मुखवटा न्यायचा. चार दिवस माहेरपण, चुडा, ओटी. पौर्णिमेच्या सकाळी परत.

"अध्यक्षांनी बंद केला ह्यो कारभार. म्हनले, कातकऱ्याच्या झोपडीत देव जातो ह्ये मुंबईच्या लोकांना कलला तं कोन येल? मंग झोपल्याची गोष्ट काडली. पडदा आदीपासून व्हताच. मी गुपचूप देत आलो, सायब. सालोसाल."

"मग तो बोलत का नाही? आणि तुम्ही?"

"ती माहेराशी हाय तवर वाडीच्या मानसानं तिचा नाव बाहेर काडायचा नाय. काडला तं ती परत त्या घरात पाय ठेवत नाय. त्यानं तिचा माहेर राखलाय." म्हाताऱ्याने मान खाली घातली. "मी भ्यालो. माजा पोटापान्याचा हाय ना इथं."

"तो तुमच्यासाठी आत बसलाय."

"माज्यासाठी नाय. तिच्यासाठी."

मी त्याचा जबाब नोंदवला. चोरीला लबाडीचा इरादा लागतो. ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्याने ती रिवाजाने दिली आणि रिवाजाने परत येणार होती, यात इरादा कुठे आहे? तरीही मी वरिष्ठांना फोन केला.

"ताबडतोब मुद्देमाल हस्तगत करा," ते म्हणाले.

"सर, मुद्देमाल कुठे आहे ते मला माहीत आहे. माझे शिपाई बाहेर आहेत. पौर्णिमेला सकाळी तो स्वतः चालत येणार आहे."

"मुद्देमाल चालत येणार आहे?"

"हो सर."

"नाही आला तर तुम्ही चालत जाल. गडचिरोलीला."

मी कलम १६९ खाली, पुरेसा पुरावा नाही म्हणून, त्या माणसाला जातमुचलक्यावर सोडले. कोठडीचे दार उघडून म्हणालो, "मला कळलं आहे. तू काही सांगू नकोस. जा, तुझं काम पुरं कर." त्याने माझ्याकडे पाहिले आणि प्रथमच तोंड झाकून रडला. चार भिंतींत एकटा असताना तो रडला नव्हता.

पौर्णिमेला सकाळी मागच्या दारावर अध्यक्षांनी नवे कुलूप घातले होते आणि चार माणसे बसवली होती. म्हणजे वाडीला आता पुढच्या पायऱ्यांनी, भर जत्रेतून यावे लागणार होते. मी होते तेवढे शिपाई दोन्ही बाजूंना उभे केले. बंदोबस्त अपुरा आहे हे मला दिसत होते. एक दगड पडला असता तर पुढचे सगळे माझ्या हाताबाहेर होते.

आधी ढोल ऐकू आला. मग ते दिसले. पुढे तो, डोक्यावर टोपली, तिच्यावर हिरवे लुगडे झाकलेले. मागे वाडीच्या बायका, केसांत चाफा. गर्दीत कुजबुज झाली, मग कोणी ओरडले, "चोर आला!" पोरे पुढे सरकली. माझ्या हवालदाराने काठी आडवी धरली. अध्यक्ष सर्वांत वरच्या पायरीवर उभे होते.

"तिथंच ठेव आणि मागं फिर," ते म्हणाले. "एक पायरी वर येशील तर याद राख."

तो खालच्या पायरीवर थांबला. टोपली डोक्यावरच. तो मागे सरला नाही. मी पुढे होणार, एवढ्यात गर्दीतून एक म्हातारी पायऱ्या चढू लागली. गुडघ्यावर हात ठेवून, एकेक पायरी. अध्यक्षांची आई होती ती. मिठागरात जन्म काढलेली बाई. ती मुलासमोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो रं."

"आई, तुला यातलं कळत नाही."

"मना कलत नाय? तुज्या बापाचे लग्नाआदी मी हिला मागल्या दारान येताना बगलीया. सून माहेराशून आली, तिला दारान उबी ठेवतंस? कंच्या घरची रीत ही?" मग ती गर्दीकडे वळली. "आनि ह्यो चोर नाय. आपला व्याही हाय. व्याह्याला कोठडीन घातला गावानं! तुमाला लाज वाटत नाय?"

पोरांतल्या एकाच्या हातातला दगड मी जमिनीवर पडताना पाहिला. म्हातारी खाली उतरली. कोणाच्या तरी हातातले ताट घेतले, त्या माणसाच्या पायांवर पाणी घातले, टोपलीला कुंकू लावले. मग दुसरी बाई आली. मग तिसरी, चौथी. कोळिणी आल्या. थोड्या वेळाने त्याच्याभोवती इतक्या बायका होत्या की मला तो दिसेना. अध्यक्ष कधी बाजूला झाले हे कोणी पाहिले नाही. टोपली वर गेली, उंबरा ओलांडून आत गेली. पालखी निघाली.

गुन्ह्याची 'क' समरी पाठवली, म्हणजे गैरसमजुतीतून नोंदला गेलेला गुन्हा, आणि ती मंजूर झाली. पावसाळ्यापूर्वी माझी बदली झाली, गडचिरोलीला नाही, पण पुरेशी लांब. पुढे त्या माळाचे काय झाले हे मी कधी तिकडे जाऊन पाहिले नाही. वर्तमानपत्रात त्या देवीची माहिती छापून येते तेव्हा तिथे राक्षस असतो, युद्ध असते, झोपलेली देवी असते. कंद खणणारा माणूस नसतो. कथेतून माणसाला आधी काढतात. मग जमिनीवरून काढायला फार त्रास पडत नाही. हे मी त्या टेकडीवर शिकलो, कोणत्याही पोलीस प्रशिक्षणात नाही.

आणखी एक गोष्ट बदलली, ती माझ्या कामात. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत माझ्यासमोर बसून जो कोणी गप्प राहिला, त्याला 'गप्प का आहेस' असे मी कधी विचारले नाही. मी विचारायचो, "कुणासाठी गप्प आहेस?" आणि पुष्कळदा समोरचा माणूस तिथेच मान वर करायचा.